कॅप्टन पालथा झोपत नाही

खेळाच्या मैदानावर किस्से साठतात ते विसरलेल्या चपलांसारखे. फरक एवढाच, की चपलांचा मालक उशिरा का होईना, शोधत येतो. किस्से मात्र सगळे माझ्याकडेच राहिलेत.

स्वातंत्र्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. आमचं कॉलेज मुंबईत, पण हुतूतूची टीम जवळजवळ सगळी ठाणे, कल्याण, डोंबिवलीची. म्हणून सराव ठाण्यात कोपरीच्या एका मैदानात चालायचा. मी त्यांचा इन्स्ट्रक्टर. खेळ शिकवायचा आणि मुलांची प्रकृती बघायची, एवढंच माझं काम. मुलांच्या मनाचं बघायला कुणी सांगितलं नव्हतं, ते आपसूक गळ्यात पडलं.

सराव संपला की मी एकेकाला सतरंजीवर पालथं झोपवून पोटऱ्यांना तेल चोळायचो. त्याचं तोंड सतरंजीत, मी पाठीमागे. समोरासमोर जन्मात न बोलणारा पोरगा अशा वेळी घडाघडा बोलतो. आणि मी दुसऱ्या दिवशी काही ऐकलंच नाही असं वागायचो.

* * *

डोंबिवलीचा मधू असाच एकदा म्हणाला, "सर, मी इंटरचा शेवटचा पेपर दिलाच नाही. घरी पास झालो म्हणून सांगितलंय."

माझे हात थांबले. "मग परवाचे पेढे?"

"पास झाल्याचेच. तुम्ही दोन घेतलेत."

त्याच संध्याकाळी त्याला घेऊन त्याच्या घरी गेलो. वडील कडक. मी सगळं सांगेपर्यंत मधू माझ्या मागे सरकत सरकत भिंतीला टेकला. शेवटी वडील म्हणाले, "ज्यांनी पेढे खाल्ले, त्यांना आता काय सांगू?"

"मी खाल्लेत," मी म्हटलं. "मला सांगून झालं."

मधू ऑक्टोबरला बसला आणि सुटला. पेढे मात्र त्या घरानं पुन्हा वाटले नाहीत!

* * *

दत्तू दिवा स्टेशनच्या बाजूच्या गावातला. अंगानं दणकट, पण प्रत्येक मॅचच्या आधी त्याला उलटी व्हायची. टीमनं त्याचा शकुन करून टाकला होता. एकदा उलटी झालीच नाही, तर आमचा कॅप्टन अरविंद घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आला. "सर, याला काहीतरी खायला घाला, नाहीतर हरतो आपण."

पालथा झोपल्यावर दत्तूनं खरं सांगितलं. "बा मिठागरावरचं काम टाकून बघायला येतो, सर. हरलो तं काय तोंड दावू?" पुढच्या मॅचला मी त्याच्या बापाला माझ्या शेजारी बसवलं. दत्तू बाद झाला तेव्हा म्हातारा त्याच्याकडे बघत नुसता हसत होता. त्यानंतर उलट्या थांबल्या. टीम मात्र माझ्यावर नाराज.

* * *

फायनल आठवड्यावर आली आणि अरविंदनं तेल लावून घेणं बंद केलं.

"पाय ठणठणीत आहेत, सर."

"असू देत. झोप."

तो झोपला. छाती सतरंजीला टेकली मात्र, असा खोकला उसळला की ताडकन उठून बसला. रुमाल तोंडावर धरून नळाकडे गेला आणि माझ्याकडे पाठ करून धुवायला लागला. मी घाबरलो. त्या खोकल्याचं नाव तेव्हा लोक घरातसुद्धा मोठ्यानं घेत नसत.

"डॉक्टरांकडे चल. छातीचा फोटो काढून घेऊ."

"फायनल झाल्यावर."

"आधी."

"त्यात काही निघालं तर खेळू द्याल?"

"नाही."

"मग नंतरच, सर."

फोटो काढल्याशिवाय मैदानात उतरवणार नाही, असं मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. टीम बिथरली. "कॅप्टन नाय तं टीम कशाला?" दत्तू म्हणाला. त्या दिवसापासून सतरंजीवर कुणी झोपेना. मधूसुद्धा नाही.

* * *

शेवटी मी कल्याणला अरविंदच्या घरी गेलो. त्याच्या आईला सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच.

"बरं झालं आलात, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमचे नियम फार कडक आहेत हो."

मागोमाग अरविंद दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढरा पडलेला. त्याची आई बोलतच होती.

"खेळाडूनं ताट-भांडं वेगळं ठेवायचं, अंथरूण पडवीत टाकायचं. धाकटी बहीण गळ्यात पडायला गेली तर हात पुढे करून लांब ठेवतो तिला. म्हणतो, सरांचा नियम आहे, फायनलपर्यंत."

असा नियम मी कधीच केला नव्हता.

"ह्यांच्या धाकट्या भावाचं ताट असंच वेगळं ठेवलं होतं आम्ही," पदर मुठीत धरून त्या हळूच म्हणाल्या. "पण तो आजारी होता. हा खेळाचाच नियम आहे ना, मास्तर?"

ठरवून आलेलं सगळं तोंडातच राहिलं.

"माझाच आहे, वहिनी," मी म्हणालो. "पण पुढचं यानं तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. फायनलच्या आधी कॅप्टननं माझ्याबरोबर येऊन छातीचा फोटो काढून घ्यायचा. उद्या सकाळी."

धाकटी धावत दाराशी गेली. अरविंदचा हात पुढे झाला, तशी ती जागच्या जागी थांबली.

"फोटो काढला की नियम संपेल?" तिनं विचारलं.

अरविंदनं माझ्याकडे पाहिलं.

"कितीच्या गाडीनं जायचं, सर?"