बुदीचा द

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता बोईसरच्या रुग्णालयात आमचे सर वारले. मी तेव्हा पालघरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाची हजेरी घेत होते. शिपायाने दारात येऊन निरोप सांगितला. मी उरलेली नावं वाचली आणि हजेरीपट मिटला.

लिहिलेलं वाचून दाखवण्यात सरांनी जेवढं आयुष्य घालवलं, तेवढं आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी घालवलं नसेल. ते समाजकार्य शिकवत आणि नागरिकत्वावर संशोधन करत, म्हणजे कागदावर माणूस कुठे असतो आणि कुठे नसतो याचा शोध घेत. ज्याच्याविषयी लिहिलं त्याला ते वाचून दाखवल्याशिवाय शाई वाळत नाही, असं ते म्हणत आणि हा नियम स्वतःलाही लावत. त्यांच्या नोंदणी विवाहाची हकीकत काकूंनीच, म्हणजे सरांच्या पत्नीनेच, मला सांगितली. सगळ्यांनी सह्या करायच्या आधी सरांनी अर्ज मोठ्याने वाचायला घेतला. काकूंचे भाऊ बाहेर जाऊन चहा पिऊन आले, तरी हे दुसऱ्याच पानावर. शेवटच्या आजारात ऑपरेशनचं संमतिपत्र त्यांच्यापुढे आलं, तेव्हा तर त्यांनी ते नुसतं स्वतःपुरतं वाचलं नाही. शेजारच्या खाटेवर तारापूरच्या कारखान्यात काम करणारा एक परप्रांतीय कामगार होता. त्याने तसल्याच कागदावर न वाचता अंगठा उठवला होता. सरांनी नळ्या लावलेल्या हाताने चष्मा चढवला आणि "भाई, पहले सुन तो लो इसमें लिखा क्या है," म्हणून त्याला सगळा कागद हिंदीतून समजावला. सिस्टर तीनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा त्या स्वतःच ऐकत उभ्या राहिल्या.

वर्गात कुणी 'लाभार्थी' म्हटलं की सर त्याला उभं करत आणि एका तरी लाभार्थ्याचं नाव सांग म्हणत. नाव सांगता आलं नाही तर तो तास संपेपर्यंत उभा. पालघरजवळच्या माहीमच्या बागायतदाराच्या घरात वाढलेली मी, पहिलं वर्ष बहुतेक उभ्यानेच शिकले.

सरांच्या प्रबंधाचं पुस्तक निघालं, त्याचं नाव होतं 'गैरहजर नागरिक'. दिवाळीनंतर डोंगरातली जी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात, त्यांची नावं दर पाहणीत कशी राहून जातात, त्यावर ते होतं. मनोरच्या बाजूच्या एका पाड्यावर सरांनी ते चार रविवार वाचून दाखवलं. पहिल्या रविवारी सगळा पाडा होता, चौथ्या रविवारी पाच माणसं आणि एक कुत्रा. त्या पाचांत बुदी होती. बुधवारी जन्मली म्हणून बुदी. वय तिला ठाऊक नव्हतं, पण नातवंडांना मुलं झाली होती. शेवटचं पान संपल्यावर तिने पुस्तकाच्या नावाचा अर्थ विचारला. सरांनी सांगितला.

मग बुदी म्हणाली, "आमी कवा गैरहजर व्हतो, सर? आमी भट्टीवर व्हतो. तिथं कोन आला नाय. गैरहजर तुमी व्हते."

सरांनी पेन काढून मुखपृष्ठावरचं नाव तिथल्या तिथे खोडलं. एवढ्यावर थांबते तर ते आमचे सर कसले? पुढचे दोन महिने ते ग्रंथालयांतून फिरले आणि जिथे जिथे आपलं पुस्तक दिसलं तिथे तिथे त्याचं नाव खोडत सुटले. एका ग्रंथपालाने त्यांना पकडलं. लेखक मीच आहे, असं सर म्हणाले. लेखक असाल, पण पुस्तक ग्रंथालयाचं आहे, असं म्हणून त्याने पेन काढून घेतलं. पाड्यावर मात्र त्या दिवसापासून सरांना 'वाचनारा सर' हे नाव पडलं.

आता माझ्याविषयी लिहायला हवं, कारण पुढची चूक माझी आहे. डोंगरउतारावरच्या ज्या तुकड्यात बुदीचं घर पिढ्यान् पिढ्या नाचणी लावत आलं, त्याचा वनहक्काचा दावा करायचा होता. पाड्याची यादी आणि अर्ज सरांनी माझ्याकडे सोपवले. तिने नाव सांगितलं बुदी. मी लिहिलं बुधी. बुधवारातला ध मला ठाऊक होता, म्हातारीच्या उच्चारात तो राहून गेला असं मला वाटलं, आणि मी तो सुधारला. यादी वाचून दाखवायची राहिली. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता.

दावा परत आला. मतदार ओळखपत्रावर बुदी, दाव्यावर बुधी, या दोन वेगळ्या बाया आहेत, असा शेरा होता. सर तिला घेऊन कचेरीत गेले, मी मागे. "मी एकलीच हाय," बुदी कारकुनाला पुन्हा पुन्हा सांगत होती. सर त्याला म्हणाले, "चूक माझी." मी काही बोलले नाही. परतताना सर मला एवढंच म्हणाले, "अगं, यादी आता तरी वाच."

त्याच संध्याकाळी मी पाड्यावर यादी वाचली, होती तशी. एकेक जण नावाला हो म्हणत गेला. 'बुधी' म्हटलं तेव्हा कुणीच हो म्हणालं नाही. बुदी माझ्या समोर बसली होती. "आशी कोन नाय इथं," ती म्हणाली.

एका ध ने तिचं वर्ष घेतलं. नवा अर्ज, नवी पडताळणी, त्यातच तिची भट्टीची पाळी. सर आजारी पडल्यावरही मला पहिलं विचारायचे ते वनहक्काचा पट्टा, म्हणजे जमिनीचा कागद, आला का. मी नाही म्हणायचे. मग ते डोळे मिटून घ्यायचे. चूक कुणाची होती हे त्यांनी शेवटपर्यंत काकूंनाही सांगितलं नाही.

पट्टा आला तो सर गेल्यावर तीन आठवड्यांनी. मी तो घेऊन पाड्यावर गेले आणि वाचला. गट, हद्दी, अटी, खालचा शिक्कासुद्धा वाचला, सरांनी वाचला असता तसा. बुदीने सगळं ऐकून घेतलं आणि यात वाचनाऱ्या सराचं नाव कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, सरकारी कागद आहे, त्यात नसतं.

"मंग मागं लिव," ती म्हणाली. "मी सांगते तसं."

बुदीच्या पत्र्याच्या पेटीत तो कागद आहे. नावात द आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन शब्द आहेत, 'वाचनारा सर'. त्यातला न मी सुधारलेला नाही.