बगीचा पाहायला या

संत्रावाल्या शेतकऱ्यांचा एक ऑनलाइन फोरम आहे, त्याची झाडलोट मी करते. अमरावतीत घरी बसून, सकाळच्या चहाबरोबर. बगीचा माझा नाही, अचलपूरकडे माझ्या थोरल्या भावाचा आहे. पण फोरमवरचा कचरा उचलायला बगीचा लागत नाही, चष्मा लागतो.

कचरा म्हणजे पैसे घेऊन टाकलेल्या पोस्टी. मागच्या हिवाळ्यात बाटलीतल्या एका औषधाने उच्छाद मांडला होता. रोज नवा शेतकरी उगवायचा आणि तेच सांगायचा: बहार धरायला झाडांचं पाणी बंद करून ताण द्यायची गरज नाही, हे औषध टाका, पाणी चालू ठेवा, फुलंच फुलं. एकाची संत्री तर वेलीला लगडली होती. आणि शेवटी सगळ्यांचं एकच वाक्य: विश्वास नसेल तर बगीचा पाहायला या. मी काढून टाकायची, दुपारी पुन्हा हजर. निर्लज्ज मेले.

दादाचा फोन आला. "काहून काढून राहिली तू त्या पोस्टी? इतके लोक सांगून राहिले."

"लोक नाहीत रे ते. कोणीतरी पैसे घेऊन लिहितो."

"खोटा माणूस बगीचा पाहाले बोलावते काय?"

आमच्याकडे 'बगीचा पाहायला या' म्हटलं की माणसं खरंच जातात. एसटीत बसतात, झाडं पाहतात, चहा घेऊन परत येतात.

त्यात दादाची झाडं ताणावर होती. पानं मलूल झालेली. दरवर्षी त्याला ते बघवत नाही, पण ताणाशिवाय फूल येत नाही, म्हणून दरवर्षी तो दम धरतो. त्या वर्षी त्याने बाटली आणली, औषध टाकलं आणि पाणी सोडलं. मग त्यांतल्या एका शेतकऱ्याने पोस्टीत लिहिलेल्या गावी निघाला, त्याची फुलं पाहायला. तिथे तूर होती, कपाशी होती. संत्र्याचं एक झाड नव्हतं. परत येऊन त्याने फोरमवर लिहिलं, "जाऊन आलो. बगीचा नाई. चहा भेटला."

आजूबाजूचे बगीचे फुलले. दादाच्या झाडांना नुसती पालवी आली. वर्षाचा बहार गेला. त्याने फोरमवर झाडांचा फोटो टाकला, खाली आपल्या गावाचं नाव लिहिलं आणि विचारलं, "फूल नाई. आता काय करू?"

काही दिवसांनी नव्या शेतकऱ्याची पोस्ट आली. फोटो दादाचाच. कोपऱ्यात त्याचा निळा ड्रमसुद्धा होता. 'पाहा औषधाची कमाल, किती हिरवागार. विश्वास नसेल तर बगीचा पाहायला या.' खाली दादाच्या गावाचं नाव. माझं डोकंच फिरलं. काढायला बसले तर दादा फोनवर म्हणाला, "राहू दे. येऊ दे लोकायले."

आणि लोक आले. मी गेले त्या रविवारी तेल्हाऱ्याहून दोघे साळे-मेहुणे आले होते. कपाशी काढून पाच वर्षांपूर्वी संत्रा लावला होता त्यांनी, आता पहिला बहार धरायचा होता. पिशवीत तीच बाटली. वहिनीने चहा दिला. मग दादाने त्यांना झाडांत नेलं, एक फांदी वाकवून हातात दिली.

"पाहा. एक फूल दाखवा मले."

ते बराच वेळ शोधत राहिले. खालून पाहिलं, वरून पाहिलं, पुढच्या ओळीत गेले. मेहुण्याने बाटली पिशवीत खाली दाबून ठेवली. साळा भला माणूस, त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

"पण झाडं मस्त हिरवी हायेत, भाऊ."

"तहानली होती ना," दादा म्हणाला, आणि मोटर बंद करायला गेला. बराच वेळ परत आला नाही. मला त्या लिहिणाऱ्याची मानगूट धरून त्याला या झाडांपुढे उभं करावंसं वाटलं. पण त्याला कुठे शोधणार? मी पाहुण्यांना आणखी एक कप चहा घ्या म्हटलं.