बाळंतपणाले गेली अन् पूल पाहून आली

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या पोंभुर्ण्याकडं कोणाले शिकवा लागत नाई. पण लेक लंडनले. आठवा लागल्यावर ती कशी येणार? मंग तिनंच माह्यं तिकीट काढून धाडलं. मी समजली, चला, आता माहेरच विमानात बसून तिच्याकडं चाललं. डिंक, खारीक, खोबरं कुटून लाडू बांधले. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. धान कापणीवर आला होता, तो नवऱ्याच्या गळ्यात टाकला अन् निघाली.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फिरणं सुरू. नदीकाठचा घड्याळाचा मनोरा पाहा, नावेत बसा, हे पाहा, ते पाहा. मी म्हणत राह्यली, "अवं, तू पोटुशी, काऊन एवढी चालते? घरी बस, पाठीले तेल लावून देते." तिचं एकच, डॉक्टरनं चालायला सांगितलंय.

एक दिवस नदीकाठच्या जुन्या किल्ल्यात नेलं. जवाई हौसेनं दाखवून राह्यले, इथी एका राणीचं मुंडकं उडवलं. त्याचंही तिकीट, बाप्पा! आमच्या चांद्याच्या परकोटाच्या दरवाजातून दिवसभर ऑटो जातात, कोणी मान वर करून पाहत नाई.

बाहेर येऊन नदीपाशी बाकावर बसलो. समोर तो मोठा पूल. जवाई कॉफी आणाले गेले, अन् लेक खालीच पाहत बोलली, "आई, रागावू नको. तुझं परतीचं तिकीट पुढच्या रविवारचं आहे."

"अन् बाळंतपण?"

"ते आम्ही दोघंच करणार आहोत. तो रजा घेतोय. धुरी, शेक, कानाला फडकं, मला नाही जमणार ते. आणि तू समोर असलीस की तुला नाही म्हणणंही जमणार नाही."

"मंग मले बोलावलं काऊन?"

"म्हटलं, बाळ यायच्या आधी तुला सगळं दाखवून घ्यावं."

तोंडाले पानं पुसणं म्हणतात ते हेच. तेवढ्यात जहाजासाठी पूल मधातून उघडला, लोक मोबाईल काढून धावले. लेक म्हणे, आई, बघ, सगळ्यांना हे पाहायला मिळत नाही. माह्यं डोकं असं फिरलं होतं! म्हटलं, "तुले धुरीतच वाढवलं मी. मेली नाई तू." ती रडाले लागली. जवाई आले, अन् तिघंही कॉफी पिलो.

घरी आली तं शेजारच्या बाया जमल्या. बाळंतपण सोडून आली कशी वं? धानाचं काम होतं, म्हटलं. लेकीची बदनामी आपल्याच तोंडानं करू का?

पौषात नात झाली. मोबाईलवर दाखवतात. जवाई तिले प्लास्टिकच्या टबात आंघोळ घालतात. चांगली घालतात, खोटं काऊन बोलू? लेक आनंदात आहे, अन् ते पाहून माह्या जिवाची आणखीच आग होते.

कॉफी पिऊन झाल्यावर जवायांनी आम्हा मायलेकींचा फोटो काढला होता. बाया येतात, त्या फोटोतला पूल पाहतात, केवढा वं म्हणतात. माहा हात त्यात लेकीच्या पोटावर आहे. नातीले आजवर मी लावला तो तेवढाच हात.