टँकरच्या रांगेला शुक्रवारची सुट्टी

अंबरनाथ पूर्वेचे चिंतामणी टिपणीस केमिकल फॅक्टरीत मेंटेनन्स ऑफिसर होते, तोवर बरे होते. मग त्यांनी व्हीआरएस घेतली, एक ऑनलाइन कोर्स केला आणि कार्डावर ‘क्लाउड आर्किटेक्ट’ छापून आणलं. तेव्हापासून हा माणूस जमिनीवर सापडेना. कार्ड भाजीवाल्यालासुद्धा देऊन झालं.

उल्हासनगरचा भूपेश टँकरवाला मात्र त्या कार्डाला भुलला. मोठ्या पाइपलाइनची दुरुस्ती निघाली होती, नळ कोरडे पडले होते आणि बदलापूरपासून सगळ्या सोसायट्या भूपेशच्या फोनवर तुटून पडल्या होत्या. चिंतामणींनी त्याला ऍप करून दिलं. टँकर बुक करा, नंबर घ्या, आणि कोणाचा कितवा नंबर तो बोर्ड सगळ्यांनी बघा. ‘‘वशिला बंद!’’ त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, तरी ते थोडं थांबले.

नंबर ठेवायला त्यांनी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून, मशिन भाड्याने घेऊन त्यात मेमरीत चालणारा डेटास्टोअर, म्हणजे नोंदींची वहीच, बसवला. सोसायटीचं नाव टाकलं की नंबर हजर. वेग भन्नाट, कारण सगळं मेमरीतच, डिस्कवर काही लिहायचंच नाही. पण मशिन बंद पडलं की पाटी कोरी. म्हणून अधूनमधून डिस्कवर कॉपी ठेवायची सोय त्यात असते. ती चिंतामणींनी स्वतःच्या हाताने बंद केली.

‘‘बाबा, कॉपी असलेली बरी ना?’’ त्यांच्या मुलीने, राजसीने विचारलं.

‘‘मशिन बंद पडणारच नाही. कॉपीने वेग कमी होतो. तू साखरपुड्याचं बघ.’’

राजसीचा साखरपुडा शनिवारी होता. मुलगा बदलापूरचा वरद, त्याचे वडील भगवंतराव रिटायर्ड हेडमास्तर. या व्याह्यांपुढे आपलं नाक वर राहिलं पाहिजे, एवढाच चिंतामणींना घोर होता. सोमवारी ऍप सुरू झालं आणि भगवंतरावांनी स्वतः फोन केला, ‘‘शनिवारच्या टँकरला आमच्या बिल्डिंगचा पहिला नंबर लागला बरं का! छान केलंत.’’ चिंतामणी दोन दिवस फुगून होते.

आता एमआयडीसीत शुक्रवारची सुट्टी. गुरुवारी संध्याकाळी मेन स्विच खाली ओढायचा आणि घरी जायचं, हे पंचवीस वर्षं हाडात मुरलेलं. शुक्रवारी टँकर भरत नाहीत, मग मशिन फुकट कशाला तापवायचं? गुरुवारी संध्याकाळी त्यांनी राजसीला बोलावून, तिच्यादेखत माउसने क्लाउडवरचं मशिन बंद केलं. ‘‘यालाही आराम पाहिजे,’’ म्हणाले. ज्याला आराम म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला आराम!

शुक्रवारी संध्याकाळी मशिन चालू केलं, आणि भूपेशचा फोन आला. ‘‘साईं, बोर्ड खाली क्यूं है? लोक मला शिव्या देतात!’’

चिंतामणींनी पाहिलं. एकही नंबर नाही. काय झालं ते त्यांना लगेच कळलं: मशिन बंद केलं, पाटी कोरी झाली. ‘माझी चूक झाली’ एवढं म्हटलं असतं, व्याह्यांचा पाठ असलेला नंबर परत घातला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मग कार्ड फाडावं लागलं असतं.

‘‘क्लाउडमध्येच प्रॉब्लेम आहे,’’ ते म्हणाले. ‘‘सगळ्यांना परत बुक करायला सांग.’’ आणि बुकिंग खुलं करायच्या आधी त्यांनी आपल्या सोसायटीचं नाव पहिल्या नंबरावर टाइप केलं. वशिला बंद करणारे हेच ते.

शनिवारी सकाळी टँकर आला, घरातले ड्रम काठोकाठ भरले. चिंतामणी दाढी करून आंघोळीला निघाले तोच बेल वाजली. मुहूर्त दुपारचा, आणि दारात भगवंतराव, त्यांच्या पत्नी, वरद आणि वरदची आत्या. सगळ्यांच्या खांद्यावर टॉवेल, हातात कपड्यांच्या पिशव्या.

‘‘आमच्याकडे थेंब नाही,’’ भगवंतराव म्हणाले. ‘‘तुमच्याकडे टँकर आल्याचं ऍपवर दिसलं. म्हटलं, आता घरचेच आहोत.’’

एकेकाची आंघोळ सुरू झाली. यजमान बनियनवर ताटकळत उभे. भगवंतराव कान पुसत बाहेर आले आणि त्यांनी वर्गात विचारतात तसं विचारलं, ‘‘आमचा नंबर पहिला होता. तो गेला कुठे?’’

‘‘त्याचं असं आहे, क्लाउडमध्ये कधी कधी...’’

‘‘बाबा,’’ साडी नेसून दारात उभी असलेली राजसी म्हणाली, ‘‘मशिन तुम्हीच बंद केलंत ना? माझ्यासमोर.’’

‘‘होते चूक,’’ भगवंतराव म्हणाले. ‘‘पण चालू झाल्यावर पहिला नंबर तुमचा कसा लागला?’’

हे राजसीलाही माहीत नव्हतं. ती बापाकडे बघत राहिली. त्या नजरेपुढे चिंतामणींना एकही इंग्रजी शब्द सुचेना. खूप लाज वाटली त्यांना.

‘‘मीच घातला,’’ ते म्हणाले.

भगवंतराव रागावले नाहीत. त्यांनी टॉवेलची नीट घडी घातली.

‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘मग बादली भरून ठेवा. वरदची आंघोळ राहिली आहे.’’

आर्किटेक्ट बादली घेऊन ड्रमकडे गेले.