मागचं सगळं ब्लर पाहिजे

लग्नसराई संपली की मी काही दिवस कुणाशी धड बोलत नाही. बायको विचारते, रुसलात का? रुसायलासुद्धा अंगात थोडा जोर लागतो, आणि तो मंडपात संपलेला असतो. गुडघे दुखतात, पाठ दुखते, दिवसभर कॅमेऱ्याला चिकटवलेला उजवा डोळा संध्याकाळी प्रत्येक दिव्याभोवती वलय दाखवतो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं हा धंदा करू नये, असं मी दरवर्षी म्हणतो. पुढच्या तिथी आल्या की मुकाट्यानं बॅटऱ्या चार्जिंगला लावतो.

यंदाही असाच लातूरच्या माझ्या दुकानात शटर अर्धं खाली ओढून बसलो होतो. शटरखालून वाकून एक जण आत आला. चेहरा ओळखीचा वाटला, पण पटकन लागेना. मग लक्षात आलं, माझ्या डोक्यात याचा फेट्यातलाच चेहरा बसला होता. मागच्या वर्षीचा नवरदेव. रेणापूरकडच्या खेड्यातला, घरची शेती, गावात किराणा दुकान, कपाळावर विभूती. नाव मला तेव्हाही लक्षात राहिलं नव्हतं. आम्ही फोटोवाले नवरदेवाला नवरदेवच म्हणतो, मग त्याला दोन लेकरं झाली तरी.

"आई गेली, सर," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "मागल्या महिन्यात. भिंतीला लावायला फोटो पाहिजे हुता."

"घरी नाही एखादा?"

"एक बी न्हाई. आधार कार्डावरचा हाय, पण त्यात ती आमची आई वाटतच न्हाई. लग्नातला बघा की एखादा."

हे मला नवीन नाही. आमच्या भागात जुनी माणसं स्वतःहून स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेत नाहीत. त्यांचा चेहरा कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी खांद्यामागून येतो. माणूस गेलं की घरचे लग्नाच्या फोटोवाल्याकडे येतात. मग आम्ही त्या घोळक्यातून तेवढा चेहरा कापून काढतो, मागं निळं बॅकग्राउंड टाकतो आणि फ्रेम करून देतो. त्यात एकच नियम कडक असतो. भिंतीवरच्या त्या फोटोला हार पडणार, म्हणून त्यात जिवंत माणसाचं काही राहता कामा नये. खांद्यावर टेकलेला हात असो की शेजारणीच्या पदराचं टोक, सगळं पुसायचं. किती जिवंत माणसांचे हात मी आजवर असे पुसले असतील, देव जाणे. याच पायी मी कुठल्याच लग्नाचा एकही फोटो टाकून देत नाही. जे बिघडले ते 'बाद' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. हार्ड डिस्का भरत चालल्या की बायको कटकट करते. अल्बम तीच लावते, तेव्हा तो कचरा तिलाच रोज दिसतो.

"बघू की," मी म्हणालो आणि कॉम्प्युटर सुरू केला. तो सुरू होईपर्यंत हे लग्न कोणतं ते मला नीट आठवलं, आणि माझं तोंड कडू झालं.

हा नवरदेव लग्नाआधी दुकानात आला होता, तो मोबाईलवर व्हिडिओ बघून पक्का तयार होऊन. आजकाल सगळेच येतात. पूर्वी लोक विचारायचे, अल्बम किती पानांचा. आता विचारतात, लेन्स कोणती.

"सर, मला मागचं सगळं ब्लर पाहिजे," तो म्हणाला होता. "एकदम लोण्यासारखं."

मी त्याला माझी चोवीस-सत्तर दाखवली. सांगितलं, बाबा, मंडपात ही एक लेन्स लावली की जवळचं-लांबचं सगळं निभतं. अक्षतांच्या वेळी मी अपर्चर आठवर नेतो, म्हणजे नवरा-नवरी दिसतात आणि मागं उभे असलेले काका-मामाही दिसतात. उद्या तेच बघायला तुम्हाला बरं वाटेल.

"काका-मामाला काय बघायचं, सर? ते घरीच हायेत. तुम्ही पंच्याऐंशीनं काढा. एक पॉइंट चारला."

माझ्याकडे ती लेन्स नव्हती. त्याच वर्षी जुना कॅमेरा मोडीत काढून मी फुल फ्रेम मिररलेस घेतला होता, त्यातच हात पोळले होते. घेतला तोही हौसेनं नव्हे. माझ्या डोळ्याला आता बारीक फोकस कळत नाही, चाळिशी लावून बघावं तर ती कॅमेऱ्याला आपटते. हा नवा कॅमेरा समोरच्या माणसाचा डोळा स्वतःच शोधतो आणि त्यावर एक छोटी चौकट बसवतो. आपण फक्त बटण दाबायचं. म्हातारपणी मुलाच्या भरवशावर राहावं तसा मी त्या चौकटीच्या भरवशावर राहायला लागलो होतो.

पंच्याऐंशी नांदेडला भाड्यानं मिळाली. अहमदपूर, लोहा करत एसटीनं गेलो आणि तसाच परत आलो. येताना लेन्स टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, लेकरू हाय का काय त्यात? मी हाव म्हणालो. तेवढंही समजावून सांगायचा कंटाळा आला होता.

खोटं कशाला बोलू, लेन्स देखणी होती. सकाळी कार्यालयाच्या आवारात नवरा-नवरीचे फोटो काढले तर दोघं कोरल्यासारखे आले, आणि मागचे मंडपाचे बांबू, पाण्याचे जार, उभ्या मोटारसायकली, सगळं वितळून गेलं. नवरदेव दर थोड्या वेळानं कॅमेऱ्याच्या पाठीवर बघायचा आणि म्हणायचा, "आता कसं!" पण एक-चारला उघडलेल्या या लेन्सची मेख अशी की, फोकस नाकाच्या शेंड्यावर बसला तरी डोळा गेला. आणि जे मागं उभं आहे, त्याची तर दखलच नाही.

त्याची आई मला घरच्यांच्या फोटोच्या वेळी दिसली. फिकट निळं इरकली लुगडं नेसलेली, ठेंगणी बाई, नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. मी म्हणालो, या की आई, मुलाच्या बाजूला उभ्या राहा.

"तुम्ही घ्या की. मी हाय हितंच," ती म्हणाली आणि मागं सरली.

"आई, आपल्यात असलं काही मानत न्हाईत, ये की वर," नवरदेव ओरडला. ते खरंच आहे. विभूती लावणाऱ्या त्यांच्या पंथात शुभकार्यात विधवेला आडकाठी नाही, हे मीही जाणून आहे. पण पंथ एक सांगतो आणि गल्ली एक सांगते, आणि बाईमाणसाला राहायचं असतं गल्लीत. ती हसली, पाहुण्यांच्या चहाचं बघते म्हणाली आणि गेली. घरच्यांचा फोटो तिच्याशिवायच निघाला. मी पुन्हा आग्रह केला नाही. पुढच्या फोटोसाठी पाहुणे रांग लावून उभे होते.

मग अक्षता. आमच्याकडे खेड्यातल्या लग्नात अजून रंगवलेली ज्वारीच वाटतात. पहिली मंगलाष्टक सुरू झाली आणि माझा भरवशाचा कॅमेरा वेडा झाला. नवरदेवाच्या कपाळावर बाशिंग, डोळ्यांवर मुंडावळ्यांच्या माळा, त्यात त्यानं मान खाली घातलेली. चौकट क्षणात मुंडावळीच्या मण्यावर बसे, क्षणात उडत्या ज्वारीच्या दाण्यावर, क्षणात त्याच्या कानावर. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनी आमचं लग्न पाहिलेलं नसणार. त्यांना वाटलं असेल, लग्नात माणसाचा डोळा तरी उघडाच असतो. आता मी अशा वेळी ते डोळा शोधणं बंदच करून टाकतो, एकच लहान ठिपका घेतो आणि अंगठ्यानं नाकाच्या मुळाशी नेऊन ठेवतो. तेव्हा हे उमगायला दोन मंगलाष्टका गेल्या. मागून 'सावधान' होतंय, लोक अंगावर लोटतायत, आणि मी भर मंडपात मेनू उघडून बसलोय. पुढचे फोटो मात्र चांगले आले. सुरुवातीचे गेले 'बाद'मध्ये. नवरदेव अल्बमवर खूश होता. दहा लोकांना दाखवला म्हणाला.

तोच अल्बम आता आम्ही दोघं पडद्यावर बघत होतो. मी एकेक फोटो मोठा करत गेलो. अक्षतांच्या प्रत्येक फोटोत कार्यालयाच्या डाव्या खांबाशी एक फिकट निळा डाग होता.

"ही हाय," तो पुढं वाकून म्हणाला. "हीच हाय आई."

पुढचा फोटो. "ही बी तीच."

पुढचा. "इथं बी हाय की."

होती, सगळीकडं होती. पण नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. नुसता निळा डाग आणि वर एक गव्हाळ डाग. लोण्यासारखा.

"क्लिअर करता येत असंल की आता," तो म्हणाला. "एआय का काय निघालंय की."

"येतं," मी म्हणालो. "पण ते डोळे काढून देईल कुणाचेही. निलंग्याच्या एका घरचा असाच फोटो मी करून दिला होता. लेकीनं बघितला आणि मलाच विचारलं, ही कोण बाई?"

मी माऊस हलवत राहिलो. खरं सांगायचं तर हे लग्न आठवल्यापासून एक वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. माझा स्वभाव तसा तिखट आहे, एरवी मी ते बोलून मोकळा झालो असतो. पण तोच बोलला.

"मीच म्हणलं हुतं तुम्हाला. मागचं सगळं ब्लर करा म्हणून."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं वाईट वाटलं.

आतल्या खोलीत अल्बम लावत बसलेली बायको तिथूनच म्हणाली, "अहो, बादमध्ये बघितलं का?"

'बाद' उघडलं. पहिल्या फोटोत मुंडावळीचा मणी अगदी लखलखीत, नवरदेव धूसर. दुसऱ्यात हवेतला ज्वारीचा दाणा. तिसऱ्यात कान. मी नेहमीच्या सवयीनं पुढं ढकलत होतो, आणि त्यानंच माझ्या मनगटाला धरलं.

त्या फोटोत पुढचं काहीच धड नव्हतं. खाली कोपऱ्यात भगव्या रंगाचा एक मोठा ढग, त्यावर बाशिंगाची चमक. आणि त्याच्या वरून, मागं, खांबाशी ती उभी. चौकटीला बाशिंगाआडचा डोळा सापडला नाही म्हणून ती त्याच्या खांद्यावरून उडी मारून थेट मागच्या उघड्या चेहऱ्यावर जाऊन बसली होती. कपाळावरच्या विभूतीच्या तिन्ही रेघा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. डोळ्यांत पाणी. ओठ थोडे उघडे. मंगलाष्टक तीही म्हणत असावी. एक हात वर, बोटं पसरलेली, मुठीतल्या अक्षता नुकत्याच सुटलेल्या. तेवढ्या लांबून त्या स्टेजपर्यंत पोचणार नव्हत्या, हे तिलाही ठाऊक असणार. तरी तिनं अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून टाकल्या होत्या.

मला रडू आलं. थकलेल्या माणसाला लवकर येतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. नवरदेव रडला नाही. तो नुसता बघत राहिला.

"इथं हुती व्हय ती," तो म्हणाला. "मला तवा वाटलं, चहाचं बघायलीय."

मी डोळे पुसून कामाला लागलो. चेहरा कापून मोठा केला. फुल फ्रेमचा हा एक गुण खरा, इतकं कापलं तरी फोटो फाटत नाही. निळं बॅकग्राउंड टाकायची गरज नव्हती, मागं कार्यालयाची साधी भिंत होती. राहिला तो कोपऱ्यातला भगवा ढग. तो तिच्या डाव्या खांद्यावर आला होता. तो पुसून खांदा पुरा करायला मी ब्रश घेतला.

"ते काय हाय, सर?"

"तुमचा फेटा. काढतोय."

"राहू द्या."

मी त्याला नियम सांगितला. जणू त्याला माहीतच नव्हता. बायकोही बाहेर आली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "दादा, असं ठेवत नसतेत. हार पडतो त्या फोटोला. जिवंत माणसाचं काही राहू देत न्हाईत त्यात."

त्यानं पडद्याजवळ जाऊन त्या भगव्या रंगावर बोट ठेवलं.

"मी कुठं वळखू यायलोय त्यात, वहिनी?" तो म्हणाला. "ब्लरच हाय की मी."

मी ब्रश ठेवून दिला आणि फोटो तसाच प्रिंटला टाकला.