सात कोटी एकोणचाळीस लाखांच्या बाई

"झाका. आता बघा," असं म्हणत बाई पाटीवरच्या शेवटच्या आकड्यावर स्वतःच बोट ठेवायच्या. बघणाऱ्याला कळायचं काहीच नाही, पण बाईंचा चेहरा असा खुललेला असायचा की "वा!" म्हणावंच लागायचं.

तेव्हा डोंबिवलीत घरं कमी आणि भातखाचरं जास्त. मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवायचे, बाई गणित. राहायचोही भिंतीला भिंत लावून. त्यामुळे बाईंची संख्या वाढताना मी पाहिली, शेजारचं मूल वाढताना पाहावं तशी.

सुरुवात सातापासून. सात ही मूळसंख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. तिच्यापुढे तीन लिहिला, झाले त्र्याहत्तर. तेही तसेच. मग सातशे एकोणचाळीस. असा एकेक आकडा उजवीकडे जोडत जायचं, आणि दर वेळी संख्या न मोडणारीच राहायला हवी.

"अहो, पण याचा उपयोग काय?" मी एकदा विचारलं.

"तुमच्या त्या मोरांचा काय?" माझ्या भरतकामाकडे बघत बाई म्हणाल्या.

सात आकडे नीट जमले. आठवा म्हणून जोडण्याजोगा एकच उरला होता, तीन. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस! आता हिला आठ हजार सहाशेच्या आतल्या प्रत्येक मूळसंख्येने भागून बघायचं. भाजी शिजेतो एक भागाकार, शाळेला निघण्याआधी एक. वर्ष उलटून गेलं.

एका संध्याकाळी बाई शिऱ्याची वाटी घेऊन आल्या.

"आज काय विशेष?"

"मोडली. बाकी शून्य," त्या हसून म्हणाल्या. "चांगली वाढली होती हो. म्हटलं, गोड करून निरोप द्यावा."

मी वाटी रिकामी केली. "पाटी पुसू नका, असू दे माझ्याकडे," मी म्हटलं. गणितात मी कच्चीच. तरी तोच भागाकार पुन्हा मांडला. पुन्हा, आणखी एकदा. सकाळी त्यांचं दार वाजवलं.

"बाई, माझी बाकी काही शून्य येत नाही."

बाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. ओठ हलवत एकेक ओळ खाली उतरल्या आणि ओरडल्याच, "हातचा राहिला! अहो, माझाच हातचा राहिला!" मग माझ्याकडे डोळे वटारून म्हणाल्या, "आणि तुम्ही फुकटचा शिरा खाल्लात!"

पुढे सगळे भागाकार संपले. संख्या मोडली नाही. बाईंनी नववा आकडा जोडून पाहिला. एक किंवा सात जोडला की तिनानेच भाग जायचा. तीन आणि नऊ जरा तग धरून होते. बऱ्याच दिवसांनी तेही मोडले. बाई आता खट्टू होतील, या धास्तीने मी त्या रविवारी सकाळीच गेले.

"छे हो," त्या म्हणाल्या. "जेवढी वाढायची तेवढी वाढली."

आज बाई नाहीत. डोळ्यांपुढे येते ती त्याच रविवारची दुपार. मी चहा विचारायला पुन्हा डोकावले, तर दिवसा कधी न लवंडणाऱ्या बाई चटईवर गाढ झोपलेल्या. बोटं पेन्सिलीच्या भुकटीने पांढरी, चष्मा नाकावर तसाच. तो मी हलकेच काढून ठेवला, उन्हाची खिडकी लोटली आणि पावलं न वाजवता घरी आले.