एकशे चौदा नंबरचं घर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अण्णांना नाही, खोलीवरच्या मित्रांना नाही, आणि ज्या सरांनी त्या प्रोजेक्टला चांगले गुण दिले त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, तेही — कुठून सुरू करावं कळत नाही.

अण्णांपासून करतो. केज तालुक्यातल्या आमच्या गावात सहकारी दूध संस्था आहे. माझे वडील, अण्णा, तिथे दूध तपासतात. फॅट बघायला नमुना घेण्याआधी प्रत्येक कॅन ते तळापासून ढवळतात. साय वर येते. न ढवळता वरचंच घेतलं तर मोजमाप खोटं. अण्णा चौथी शिकलेले. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घरातला पहिलाच. संख्याशास्त्राच्या तासाला सर यादृच्छिक नमुना — आपण न निवडता, जसा निघेल तसा घेतलेला — शिकवू लागले तेव्हा मला वाटलं, हे तर आमच्याकडे रोज चालतं. म्हणजे मला कळत नव्हतं, असं तरी मी म्हणू शकतो का?

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. संस्थेने सभासदांच्या जनावरांसाठी पाण्याचा एक टँकर लावला होता. तो गावात थांबायचा. नाल्यापलीकडे, माळावरच्या वस्तीवर त्याची खेप न्यायची की नाही, हे ठरत नव्हतं. मी चेअरमनना म्हणालो, कॉलेजचा प्रोजेक्ट करायचाच आहे, मी पाहणी करून देतो. दोनशे बारा सभासदांची यादी होती. कॉम्प्युटरने तीतून तीस नंबर काढले. त्या घरी जायचं आणि एका जनावराला दिवसाला किती घागरी पाणी मिळतं, ते विचारायचं. सरांनी बजावलं होतं — निघालेलं घर बदलायचं नाही, टाळायचंही नाही.

गावातली एकवीस घरं मी दोन दिवसांत केली. उरलेली नऊ माळावर होती. ऊन असं होतं, की — नाही, उन्हाचं राहू दे. त्याच उन्हात तिथल्या बायका दुधाच्या किटल्या घेऊन चालत यायच्या.

मी डेअरीच्या ओट्यावर, सावलीत, लॅपटॉप उघडला. एकवीस घरांची सरासरी काढली. आकडे तिच्याभोवती किती पसरलेत ते काढलं. आणि तेवढ्यावरून नऊ नवे आकडे तयार करणारा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. आदल्याच आठवड्यात शिकलो होतो. आकडे हुबेहूब खरे दिसत होते, काही थोडे वर, काही थोडे खाली. मला — लाज वाटते सांगायला — अभिमान वाटला. एकशे चौदा नंबरला, शांता मावशीच्या नावापुढे, चार घागरी आल्या.

वस्तीची सरासरी गावाएवढीच निघाली. दुसरी कशी निघणार होती? टँकर गावातच थांबत राहिला.

संस्थेच्या सभेत शांता मावशी उभी राहिली. एकटी राहणारी बाई, दावणीला एकच म्हैस.

"माझ्या दारात कोन आलतं इचारायला? म्हनं चार घागरी! एका घागरीवर म्हस काढतीया दिस माझी!"

चेअरमननी कागद वर धरला. "नाव हाय की तुझं, शांताबाई. कॉम्प्युटरनं काढलंय, हातानं न्हाई." मग माझ्याकडे वळले. "गेलतास ना रं?"

अण्णा दाराशी उभे होते. माझ्याकडे बघत होते — कौतुकाने.

"गेलतो," मी म्हणालो. निदान तिथे तरी थांबायचं. नाही थांबलो. "मावशीच्या ध्यानात नसंल."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीची मेमरी फुल झाली बे!" सगळे हसले. मीही हसलो.

महिन्याभरात ती म्हैस युसूफ वडगावच्या बाजारात गेली. पण मला सांगायचंय ते याहून वाईट आहे.

त्यानंतर एके दिवशी सकाळी मावशी मला डेअरीच्या रस्त्यावर भेटली. हातात किटली नव्हती. इकडेतिकडे बघून, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "लेकरा, खरंच आलतास का रं तू? लई आठवून बघितलं. मला काय बी आठवंना."

ती भांडत नव्हती. ती घाबरली होती — स्वतःलाच. आणि तिथे सभा नव्हती, चेअरमन नव्हते, अण्णा नव्हते. मग मला कुणाची भीती होती?

"आलतो की, मावशी," मी म्हणालो. "चहा बी केलतास तू."

तिने मान डोलावली आणि वस्तीच्या वाटेला लागली.

आता ती आपणहून लोकांना सांगते, माझ्या ध्यानात काही राहत न्हाई. आई म्हणते, दाराची कडी लावली का ते बघायला ती अर्ध्या वाटेवरून माघारी जाते.

प्रोजेक्ट कॉलेजच्या कपाटात आहे. नऊ आकडे त्यात तसेच आहेत. मी तिच्या घरी गेलो नव्हतो. तिने चहा केला नव्हता. तिला सगळं बरोबर आठवत होतं.